वारशाने आलेली जुनी मोटार: मराठवाड्यातल्या नवख्यांसाठी दुरुस्ती आणि सांभाळ

मराठवाड्यात जुन्या मोटारी अजून बऱ्याच ठिकाणी उभ्या आहेत. कुणाच्या वाड्यामागे, तर कुणाच्या शेतातल्या आखाड्यावर पत्र्याच्या शेडखाली कडब्याला खेटून. आजोबा डॉक्टर, वकील किंवा मोठे बागायतदार असले की घरात एखादी फियाट, अ‍ॅम्बेसेडर किंवा जीप असायची. चालवणारा माणूस गेला, नवी गाडी आली आणि जुनी जिथे उभी केली तिथेच राहिली. विकायला मन धजत नाही आणि कामाला कुठून हात घालायचा ते कळत नाही, अशा घरांसाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. मुंबईत किंवा कोकणात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा पत्रा खाऱ्या, दमट हवेने खाल्लेला असतो. आपल्याकडे हवा वर्षातले बरेच महिने कोरडी, त्यामुळे पत्रा पुष्कळदा शाबूत निघतो. मार बसतो तो रबराला. ४२-४३ अंशांचे उन्हाळे सोसून पाइप, बीडिंग, टायर कडक होतात आणि तडकतात. त्यामुळे खरं काम असतं ते रबर, पेट्रोलचा मार्ग, ब्रेक आणि वायरिंग यांचं. नवखा माणूस मात्र बहुतेक वेळा रंगापासून सुरुवात करतो. पैसे तिथेच संपतात आणि चकचकीत गाडी पुन्हा त्याच शेडमध्ये जाऊन उभी राहते. म्हणून क्रम धरा: आधी कागद, मग इंजिन आणि ब्रेक, रंग सर्वांत शेवटी. आणि या सगळ्यात मूळचं जितकं टिकवता येईल तितकं टिकवा. नवी गाडी शोरूममध्ये मिळते. आजोबांनी चालवलेली गाडी ही एकच आहे.

हात लावण्याआधी

गाडी धुऊ नका, धूळसुद्धा पुसू नका. आहे त्या अवस्थेत सगळ्या बाजूंनी फोटो काढा. बॉनेटखालचे, डॅशबोर्डचे, सीटखालचे, डिकीतले, आणि जमलं तर गाडीखालचेही. कुठली वायर कुठून जाते, कुठला पाइप कुठल्या क्लिपमध्ये बसतो, हे पुढे सहा महिन्यांनी मिस्त्रीला आठवणार नाही आणि तुम्हालाही नाही. तेव्हा हेच फोटो कामाला येतात.

मग कप्पे तपासा. डॅशबोर्डच्या कप्प्यात, सीटच्या फटीत, डिकीच्या रबरी मॅटखाली जुनी विम्याची पावती, सर्व्हिसचं पुस्तक, जादा किल्ली सापडू शकते. जॅक, चाकाचा पाना आणि इंजिन फिरवायचं हँडल नीट बाजूला काढून ठेवा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर शोधून त्यांचेही फोटो घ्या. नंबर पुसट झाला असेल तर स्वतः खोदून घेऊ नका. तो गुन्हा ठरू शकतो. मऊ कापडाला थोडं डिझेल लावून पुसलं की बहुधा वाचता येतो.

मॉडेल नक्की ओळखा, कारण सुटे भाग त्यावरच ठरतात. सगळ्यांना नुसतंच ‘फियाट’ म्हणतात, पण १९५० च्या दशकातली गोल पाठीची डुक्कर फियाट वेगळी, १९६४ नंतरची डिलाइट वेगळी आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने निघालेली वेगळी. तिन्ही वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या. डिलाइट आणि पद्मिनी यांचं १०८९ सीसीचं इंजिन मुळात एकच, त्यामुळे पद्मिनीचे पुष्कळ भाग डिलाइटला चालतात. डुक्कर फियाटचे दरवाजे, काचा, दिवे मात्र तिचेच लागतात आणि ते मिळवायला वेळ जातो. अ‍ॅम्बेसेडर पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत होती. मार्क-१ पासून पुढे तिच्या जाळ्या, दिवे, डॅशबोर्ड बदलत गेले, तरी सुट्या भागांच्या दृष्टीने ती आजही सर्वांत सोपी गाडी. जीप असेल तर आधी बॉनेट उघडून इंजिन कुठलं आहे ते पाहा. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येक जीपांत आणि अ‍ॅम्बेसेडरांत पुढे डिझेल इंजिन बसवलं गेलं, आणि तो बदल आरसी बुकात चढवला आहे की नाही यावर कागदांचं पुढचं सगळं काम अवलंबून असतं.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. आत्या, थोरले काका, जुना ड्रायव्हर हयात असेल तर तो. गाडी कधी घेतली, कुठून आणली, पहिला रंग कोणता होता, शेवटी का बंद पडली. ‘गिअरच पडत नव्हता’ किंवा ‘पाणी उकळायचं’ एवढं एक वाक्यही मिस्त्रीचे दोन दिवस वाचवतं. हे लगेच करा, कारण हे सांगणारी माणसं कायम राहत नाहीत.

कागद

इथे कंटाळा चालत नाही. गाडीवर लाखभर रुपये घालून झाल्यावर ती आपल्या नावावर होत नाही असं कळलं, तर सगळंच अडकून बसतं.

मालक वारले असतील तर नाव बदलण्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत अर्ज करायचा असतो. वर्षं उलटली असतील तर उशिराचा भुर्दंड बसेल, पण मार्ग बंद होत नाही. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, ओळखपत्र आणि वारसांचे कागद लागतात. इतर वारसांची संमती प्रतिज्ञापत्रावर घ्या. बहिणींचीही घ्या, त्याही तितक्याच वारस आहेत, आणि गाडी चालू होऊन तिची किंमत वाढल्यावर संमती मागण्यापेक्षा ती बंद असताना मागणं सगळ्यांनाच सोपं जातं. मालक हयात असून गाडी तुमच्या नावावर करून देत असतील तर नमुना २९ आणि ३०. आरसी हरवली असेल तर पोलिसांत नोंद करून नमुना २६ वर दुय्यम प्रत मागायची.

आपल्या भागातल्या दोन खास अडचणी सांगतो. पहिली कर्जाच्या नोंदीची. आरसीवर स्टेट बँक ऑफ हैदराबादचा बोजा दिसला तर घाबरू नका; ती बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. कर्ज फिटल्याचा दाखला आता स्टेट बँकेच्या शाखेतून घ्यायचा आणि नमुना ३५ भरून बोजा उतरवायचा. जुनं खातं शोधायला वेळ लागतो, तेव्हा हे काम सर्वांत आधी सुरू करा. दुसरी अडचण फार जुन्या गाड्यांची. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो आणि कारभार उर्दूत चालायचा. त्या काळातला कागद घरात असेल तर तो जपा, जाणकाराकडून वाचून घ्या आणि भाषांतर नोटरी करून सोबत लावा.

जुन्या गाडीची नोंद बहुधा संगणकावर नसते. त्या जिल्ह्याच्या कार्यालयातल्या रजिस्टरवरून ती ‘वाहन’ प्रणालीत चढवून घ्यावी लागते. याला तिथे बॅकलॉग एंट्री म्हणतात. ही नोंद झाल्याशिवाय पुढचा कुठलाही ऑनलाइन अर्ज सरकत नाही. गाडी जिथे पहिल्यांदा नोंदली गेली तिथेच रजिस्टर असतं, म्हणून आज तुम्ही लातूरला असलात आणि नोंद नांदेडची असली तर नांदेडला जावं लागेल.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. नमुना २५ वर अर्ज करून, गाडी तपासून घेऊन ती ५-५ वर्षांनी वाढवायची. सोबत पर्यावरण कर भरावा लागतो. २० वर्षांवरच्या मोटारींसाठी नूतनीकरणाचं शुल्क २०२५ मध्ये वाढून १०,००० रुपये झालं आहे, ते हिशेबात धरा. दिल्लीत जुन्या गाड्यांवर जी बंदी आहे ती आपल्याकडे नाही. गाडी तपासणीत पास झाली की रस्त्यावर चालते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट लावावी लागते. जुनी हाताने रंगवलेली प्लेट मात्र फेकू नका, घरात ठेवा.

२०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज वाहनांचे वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली, म्हणजे चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर कायम ठेवता येतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. ज्यांना नवरात्रात घरच्यांना घेऊन तुळजापूरला जायचं आहे, लग्नात गाडी वापरायची आहे, त्यांनी साधी नोंदणीच वाढवत राहावी, असं मला वाटतं.

विमा तृतीय पक्षाचा तरी हवाच. पूर्ण विमा घेणार असाल तर गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरवून घ्या. बंद झालेल्या मॉडेलची किंमत दोघांच्या संमतीनेच ठरते. कामाच्या पावत्या आणि फोटो तेव्हा उपयोगी पडतात.

जागा बदला

गाडी आखाड्यावर असेल तर दुरुस्तीआधी तिला तिथून हलवा. खताची पोती आणि गाडी एका शेडमध्ये कधीही ठेवू नका. युरिया, पोटॅश ओल धरतात आणि त्या क्षारांनी पत्रा झपाट्याने गंजतो. गोठ्याच्या हवेतला अमोनिया तांब्या-पितळेला खातो. रेडिएटर आणि वायरींची टोकं हिरवी पडतात ती त्यामुळेही. कडबा आणि धान्य जवळ असलं की उंदीर आलेच, आणि उंदरांना जुन्या वायरी आणि सीटमधला काथ्या फार आवडतो.

काळ्या मातीवर उभी गाडी तर पावसाळाभर खालून वाफ घेत राहते. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते आणि गाडी एका बाजूला कलते. फरशी किंवा काँक्रीट हवं. ते शक्य नसेल तर मुरूम दाबून वर जाड प्लास्टिक आणि त्यावर फळ्या. गाडी चारही बाजूंनी लाकडी ठोकळ्यांवर उचला, म्हणजे टायर आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) यांच्यावरचा भार जातो. हँडब्रेक सोडून ठेवा, नाहीतर ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. प्लास्टिकची ताडपत्री थेट गाडीवर टाकू नका, आत घाम धरतो. सुती कापड टाका आणि हवा खेळू द्या.

इंजिन जागं करताना

नवी बॅटरी आणून थेट सेल्फ मारणं आणि ट्रॅक्टरला टोचन करून गिअरमध्ये ओढणं, या दोन गोष्टींनी जितकी चांगली इंजिनं बाद झाली तितकी झिजून झाली नसतील. उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने धरलेल्या असतात, बेअरिंगवर तेलाचा थर उरलेला नसतो, एखादा व्हॉल्व्ह अडकलेला असतो. जोर लावला की रिंग तुटते किंवा पुशरॉड वाकतो.

सावकाश चला. एअर क्लीनर उघडा आणि सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारा; दोन्हीकडे उंदरांची घरटी असू शकतात. जुनं ऑइल काढा आणि ते नीट पाहा. दुधी, चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलं आहे. बोटांवर चोळल्यावर चमकदार कण लागले तर बेअरिंग गेलेली असू शकतात आणि इंजिन उघडावं लागेल. तसं काही नसेल तर फिल्टर बदलून २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ऑइल भरा. आजचं पातळ सिंथेटिक ऑइल या इंजिनांसाठी नाही.

चारही प्लग काढा आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा. प्रत्येक भोकात दोन चमचे पातळ ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. टॅपेट कव्हर (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) काढून रॉकर आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांवरही ऑइल ओता. मग गाडी न्यूट्रलला ठेवून हँडलने हलकेच फिरवून पाहा. हललं नाही तर पुन्हा ऑइल सोडा, आठवडाभर थांबा. हँडलला पाइप लावून लांबी वाढवायची नाही. इंजिन मोकळं फिरू लागलं की टॅपेटकडे पाहत दोन पूर्ण फेरे द्या. सगळे व्हॉल्व्ह खाली-वर होतात का ते दिसेल. त्यानंतरच बॅटरी जोडायची, तीही प्लग बाहेर आणि कॉइलची वायर काढलेली ठेवून. ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत थोडं थोडं सेल्फ द्या. याच वेळी मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं.

आता पेट्रोल. टाकीतलं जुनं पेट्रोल सडून वॉर्निशसारखं झालेलं असतं. टाकी खाली उतरवून रेडिएटरवाल्याकडून धुऊन घ्या. रिकामी टाकीसुद्धा आतल्या वाफेने स्फोट करू शकते, तेव्हा नीट धुतल्याशिवाय तिला वेल्डिंग लावू देऊ नका. पंपाचा डायफ्रॅम नवा टाका. कार्ब्युरेटर उघडून साफ करा. जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. हवा आणि क्लीनर पुरेसा.

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसापासूनही ते होतं, आपल्या कारखान्यांना त्याचा आधार आहे, पण पन्नास वर्षांपूर्वीचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. जुने पाइप आणि डायफ्रॅम फुगतात, मऊ पडतात, गळतात, आणि गरम इंजिनजवळ गळती म्हणजे आग. इथेनॉलला टिकणारे पाइप मागून घ्या आणि क्लिपाही नव्या लावा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडू देऊ नका. पाच-सात लिटर भरा, संपवा, पुन्हा भरा.

पहिल्यांदा चालू करताना गाडी उघड्यावर आणि हाताशी अग्निशामक सिलिंडर असू द्या. पेट्रोल टाकीतून न घेता छोट्या कॅनमधून द्या. सीबी पॉइंट (प्लगला ठिणगी देण्यासाठी उघडझाप करणारे संपर्क) घासून त्यांचं अंतर फीलर गेजने लावा, कंडेन्सर नवा बसवा. इंजिन चालू झालं की रेस करत बसू नका. पाच-दहा मिनिटं मध्यम चालू ठेवा आणि गळती पाहत राहा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदला, कारण साचलेला मळ तोवर सुटून त्यात आलेला असतो.

मे महिन्यात जुनी गाडी रेल्वे फाटकावर उभी राहिली की बंद पडते आणि लगेच चालू होत नाही. पेट्रोलची पंपातच वाफ होते, तिला व्हेपर लॉक म्हणतात. ओलं फडकं पंपावर ठेवून दहा मिनिटं थांबण्याचा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय आजही चालतो. कायमचा इलाज हवा असेल तर पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब घ्या आणि तिला उष्णतारोधक पट्टी गुंडाळा.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, क्षाराचं. दोन उन्हाळ्यांत नळ्या चुन्याने भरतात आणि मग गाडी उकळते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतो. पितळी रेडिएटर उघडून, रॉड मारून साफ होतो; ते करून घ्या. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरा आणि थर्मोस्टॅट पुन्हा बसवा.

ब्रेक

फियाट असो की अ‍ॅम्बेसेडर, बहुतेक जुन्या मॉडेलांत चारही चाकांना ड्रम आणि सगळ्यांना मिळून एकच हायड्रॉलिक मार्ग असतो. म्हणजे एका चाकाचं वॉशर फुटलं तर चारही ब्रेक जातात. म्हणून ‘एवढं एक व्हील सिलिंडर गळतंय, तेवढंच बदलू’ हे मी कुणालाही करू देणार नाही. मास्टर सिलिंडरची किट, चारही चाकांच्या किट, तिन्ही रबरी होज पाइप आणि ब्रेक ऑइल, सगळं एकदम. होज बाहेरून चांगला दिसतो, पण आतून फुगून बंद झालेला असतो. मग पाय काढला तरी ब्रेक लागलेलाच राहतो आणि ड्रम तापतो. लोखंडी नळ्या गंजल्या असतील तर त्याही बदला. व्हील सिलिंडरला आतून खड्डे पडले असतील तर नव्या किटचाही उपयोग नाही. नवं सिलिंडर मिळत नसेल तर चांगला लेथवाला जुन्यात स्लीव्ह बसवून देतो.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा. मिस्त्रीच्या हाताखालच्या पोरालाही लावायला सांगा.

पहिली परीक्षा रिकाम्या मैदानात, चालण्याच्या वेगाने घ्या. गाडी एका बाजूला ओढते का, पेडल दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतं का, चढावर हँडब्रेक धरतो का, हे सगळं पाहून झाल्यावरच रस्ता.

टायरची नक्षी पाहून फसू नका. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. आकडे नसतील किंवा सहा-सात वर्षांहून जुने असतील तर टायर-ट्यूब बदला, न चाललेले असले तरी. वायरिंगचं प्लास्टिक वाकवल्यावर तडकत असेल तर पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) नवा करून घ्या, पण जुन्याच रंगांच्या वायरींचा. बॅटरीला कट-ऑफ स्विच लावा. ब्रिटिश घराण्यातल्या काही जुन्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, तेव्हा बॅटरी जोडण्याआधी हे नक्की करून घ्या.

पत्रा आणि रंग

कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरा. जिथे ते धरत नाही तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग मॅट उचलून फरशी पाहा, दरवाज्यांची खालची कड, त्यांच्याखालचे सिल, डिकीचा तळ, मडगार्डच्या आतली बाजू. फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरला वेगळी चेसिस नसते, बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे सिल कुजले असतील तर तो दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीचा कणाच गेलेला असतो. ते कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत आडवे टेकू वेल्ड करून घ्या, नाहीतर बॉडी खचते आणि दरवाजे पुन्हा कधी नीट लागत नाहीत. पातळ पत्र्याला आर्क वेल्डिंग नको, भोकं पडतात. मिग वेल्डिंग असलेला डेंटर शोधा. गंजावर लांबी थापून देणाऱ्याला काम देऊ नका.

मूळचा रंग फिका पडला असला तरी धरून असेल तर तो काढायची घाई करू नका. पॉलिश करून पाहा. थोडे ओरखडे असलेला अस्सल रंग मला पूर्ण नव्या रंगापेक्षा मोलाचा वाटतो, आणि जुन्या गाड्यांतले जाणकारही तसंच मानतात. रंगवायचीच असेल तर आधीचाच रंग द्या. तो डॅशबोर्डच्या मागे किंवा डिकीच्या आत जसाच्या तसा सापडतो. वेगळा रंग दिलात तर आरसीवर नोंद करावी लागते. रंगकामाला दिवाळीनंतरचे महिने उत्तम. चैत्र-वैशाखात फुफाटा उडतो आणि ओल्या रंगावर बसतो. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने रंगाची चमक मरते.

मिस्त्री आणि सुटे भाग

कार्ब्युरेटर आणि पॉइंटवर हात बसलेले उस्ताद आता साठी-सत्तरीचे आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर, परभणीत, नांदेडला जुन्या गॅरेजांत विचारत फिरा. जीपवाले शेतकरी तुम्हाला अचूक पत्ता देतील. त्यांच्याकडे मान देऊन जा आणि घाई लावू नका. कामाचे टप्पे ठरवा आणि टप्प्यागणिक पैसे द्या. आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन बसा. संपूर्ण उघडलेली गाडी गॅरेजवर सोडून महिनोन्‌महिने फिरकायचं नाही, हे झालं तर नटबोल्टांसकट सगळं इकडेतिकडे होतं.

आणि पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, ‘उस्ताद, निघालेली एकही वस्तू भंगारात जायची नाही, सगळं मला पोत्यात भरून द्या.’ झिजलेला मूळ भाग हा नवा बनवण्याचा नमुना असतो. त्यावरून संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाण्याच्या छोट्या वर्कशॉपांत बुश, पिन, स्लीव्ह, रबरी बीडिंगसुद्धा करून मिळतं. गाड्यांचे भाग बनवणारी एवढी कुशल माणसं घराजवळ असणं हे मराठवाड्याचं भाग्य आहे, त्याचा उपयोग करून घ्या. तयार भागांसाठी मुंबईला ऑपेरा हाऊस आणि चोरबाजार, पुण्याला जुना बाजार. पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत धावत होत्या, त्यामुळे तिचे इंजिनाचे आणि ब्रेकचे भाग अजून मिळतात. काचा, दिव्यांच्या रिंगा, मोनोग्राम दिसले की गरज नसली तरी घेऊन ठेवा.

एसी, अलॉय व्हील, नव्या पद्धतीचा डॅशबोर्ड यांचा आग्रह घरातली तरुण मंडळी धरतील. जे पुन्हा काढून मूळ रूप आणता येईल तेवढंच करा. पत्रा कापून काही बसवू नका.

चालू ठेवताना

पंधरा दिवसांतून एकदा गाडी बाहेर काढा. जागेवर दहा मिनिटं चालू करून बंद करणं अपायाचं असतं. सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठतं. पंधरा-वीस किलोमीटर चालवा, चारही गिअर टाका, ब्रेक वापरा. ग्रीसच्या निपलांना, विशेषतः किंगपिनला (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन), हजार-दीड हजार किलोमीटरला ग्रीस गन लावा. आपल्या धुळीत त्याहून उशीर नको. एअर क्लीनर उन्हाळ्यात दर महिन्याला उघडा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, कारण तेही हवेतली ओल ओढतं. मृगाच्या आधी दरवाज्यांच्या तळातली पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा आणि वायपर चालतो का पाहा.

लांबच्या प्रवासाची घाई नको. आधी गल्लीत, मग गावाभोवती, मग तालुक्यापर्यंत. फॅन बेल्ट, पॉइंट-कंडेन्सर, दोन प्लग, पेट्रोल पाइपचा तुकडा, क्लिपा, इन्सुलेशन टेप, पाच लिटर पाणी आणि ओढायचा दोर डिकीत असू द्या. उन्हाळ्यात पहाटे निघा आणि अकराच्या आत पोचा. महामार्गावर ६० च्या आसपास, डावीकडून. पुढच्या गाडीपासून नव्या गाडीत ठेवता त्याच्या दुप्पट अंतर ठेवा. जुने दिवे मंद असतात आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो, म्हणून गळीत हंगामात अंधार पडल्यावर गाडी बाहेर काढू नका.